सोमेश्वरची टाच आणि बारा गाडे

सोमेश्वर सकाळी बाजेवरून उठतो तेव्हा आधी भिंतीला हात टेकतो. मग डावा पाय खाली ठेवतो, मग उजवा. उजवा ठेवला की जरा वेळ तसाच थांबतो, थंडीत ट्रॅक्टर गरम व्हायची वाट बघावी तसा. त्याच्या आणि माझ्या घराची मधली भिंत एकच आहे. तिकडून हात टेकल्याचा धप् आवाज आला की मी समजते, फौजी उठला, आता चहा ठेवायला हरकत नाही.

त्याचा बाप रखमाजी माझा चुलत दीर. म्हणून सोमेश्वर मला मोठ्याई म्हणतो, आणि त्याची बायको दैवशालाही तेच म्हणते. आमचं गाव टेंभुर्णीहून आत वळलं की लागतं. मका, कपाशी, थोडी मिरची आणि मधोमध खंडोबाचं देऊळ.

टाचेच्या मागून पोटरीकडं जाणारी एक जाड शीर असते बघा. बोटानं दाबली तर दोरीसारखी लागते. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. बैलालाही ती असते, आणि ती गेली की त्या बैलाचे बाजारात कुणी दातसुद्धा बघत नाही. सोमेश्वरची उजव्या पायाची ती शीर गेली. कधी गेली आणि कशानं गेली, एवढ्याच गोष्टीवरून पुढचं सगळं झालं.

पोरगा लहानपणापासून पळणारा. भरतीची तयारी करताना दूधवाल्याच्या मोटारसायकलीमागं टेंभुर्णीपर्यंत पळत जायचा आणि तिच्याच मागं परत यायचा. दूधवाला म्हणायचा, "आजी, याला सांगा जरा हळू पळायला. माझी गाडी बंद पडली असं लोकांना वाटून राह्यलंय." भरती झाला त्या दिवशी रखमाजीनं गावभर पेढे वाटले आणि माझ्या हातावर दोन ठेवले. मी म्हटलं, "भावजी, एक तुमचा अन् एक कुणाचा?" तर म्हणाला, "एक पोराचा, एक त्याच्या पायाचा."

रखमाजीला पायाचं एवढं का, तेही सांगते. चंपाषष्ठीला आमच्या गावात खंडोबाची जत्रा भरते. त्या दिवशी बारा बैलगाड्या एकीमागं एक दोरानं बांधतात. बैल सोडून देतात, गाड्यांत माणसं चढतात, आणि एक माणूस कमरेला दोर बांधून त्या गाड्या वेशीपासून देवळापर्यंत ओढत नेतो. ओढायचा मान रखमाजीच्या घराचा. त्याच्या बापानं गाडे ओढले, मग त्यानं ओढले. मान असा आहे की एकदा सोडला तर तो दुसऱ्या घराला जातो, परत येत नाही.

आता मागून माणसं ढकलतात. ढकलतात म्हणजे काय, अर्धं गाव ढकलतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे, माझ्या मांजरीलासुद्धा. पण ते बोलायचं नसतं. देवाच्या सत्त्वानं गाडे चालले आणि अमक्यानं ओढले, असंच म्हणायचं. मीही जन्मभर तसंच म्हणत आले, आणि खोटं बोलतेय असं कधी वाटलं नाही.

सोमेश्वर फौजेतून सुट्टीवर यायचा तेव्हा कितीतरी वर्षं मी एकच बघत होते. उजव्या घोट्याला पट्टी.

एकदा विचारलं, "काय रे, काय झालं पायाला?"

"काही न्हाई मोठ्याई. बूट चावला."

"दर साली तोच बूट अन् तोच पाय? त्या बुटाला दुसरं काही खायला देत जा."

हसला, पण सांगितलं नाही. रात्रीची जेवणं झाली की रखमाजी वाटीत तेल कोमट करायचा, आतल्या खोलीचं दार लोटायचा आणि पोराच्या टाचेला चोळत बसायचा. दार लोटलेलं का, तर फौजीचा पाय दुखतो हे गल्लीनं बघू नये. भिंत एकच असल्यानं मला मात्र सगळं कळायचं. दोघं बोलत नसत. नुसता तेलाच्या हाताचा आवाज.

मग एका सुट्टीत, मी शेंगा निवडत बसले होते, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला आणि आपण होऊन बोलला. वर बर्फातल्या चौकीवरून पाठीवर ओझं घेऊन उतरताना त्याची टाच दगडाच्या फटीत अडकली आणि अंग पुढं गेलं. टाचेमागून कुणीतरी काठी मारावी तसं वाटलं म्हणे. बरोबर बुलढाण्याकडचा एक गडी होता, त्यानं त्याला खांद्यावर घेऊन खाली आणलं.

"मंग दवाखान्यात काय म्हणाले?"

"गेलोच न्हाई दवाखान्यात."

"का रे बाबा?"

"तव्हा हवालदारकीची परीक्षा होती, मोठ्याई. पायाचं एकदा कागदावर आलं की तब्येतीच्या खालच्या नंबरात टाकतात. मंग पुढं सरकता येत न्हाई. पट्टी बांधली अन् पळालो."

"अन् हवालदार झालास."

"झालो."

"म्हणजे पायाच्या बदल्यात फीत घेतली."

तो शेंगा फोडत राहिला. म्हणाला, "सगळेच घेतात. मी एकटा न्हाई."

त्यानंतरच्याच चंपाषष्ठीची गोष्ट. रखमाजीचा आधल्या साली गाडे ओढताना दम कोंडला होता. सोमेश्वर सुट्टीवर आल्ता, आणि टाच तर यावेळी वांग्यासारखी सुजली होती. रखमाजी म्हणाला, "यंदा तू." पोरगा म्हणाला, "दादा, पाय जरा..." रखमाजी म्हणाला, "पाय खंडोबा बघल." झालं. आमच्याकडं यापुढं बोलायला जागा नसते.

ओढणाऱ्याच्या पायाला भंडारा लावायचा असतो, आणि तो आधी ज्यानं ओढले त्यानंच लावायचा, मग तो बाप का असेना. रखमाजीनं लावला. हळदीखाली सूज दिसेनाशी झाली. गाडे निघाले. मी पुढं बायकांत उभी होते. मारुतीच्या पाराजवळ फाट् असा आवाज आला. मला वाटलं दोर तुटला. दोर शाबूत होता. सोमेश्वरचं तोंड पांढरं पडलं होतं आणि दोन्ही बाजूंच्या गड्यांनी त्याला काखेत धरलं होतं. मागं ढकलणाऱ्यांना काय कळणार? ते ढकलत होते, गाडे येत होते, आणि तो गाड्यांच्या पुढं उचलल्यासारखा देवळापर्यंत गेला. येळकोट येळकोट झालं. रखमाजी आनंदानं रडला. त्या रात्री दाराआड तेलाचा आवाज फार वेळ येत होता.

पलटणीत परत गेल्यावर पायाला प्लास्टर घातलं, मग बसून करायची हलकी कामं दिली. तिथं त्यानं सांगितलं, जुनं दुखणं घरी वाढलं. नोकरीची मुदत भरली तेव्हा घरी सोडायच्या आधी डॉक्टरांचं बोर्ड बसलं. त्यांनी जुनं दुखणं शोधलं, तर ते कुठंच लिहिलेलं नाही. लिहिलेलं कसं असणार? यानंच लपवलेलं. तेव्हा बोर्डानं ठरवलं, पायात दोष आहे, पण तो नोकरीमुळं आलेला नाही. म्हणजे नेहमीची पेन्शन मिळेल, अपंगत्वाची मिळणार नाही.

गावानं त्याला उघड्या जीपमधून मिरवत आणलं, डीजे लावला, हार घातले. तो जीपमध्ये दांडा धरून उभा होता. लोकांना वाटलं रुबाबात उभा आहे.

पुढं जालन्याच्या एमआयडीसीत एका लोखंडाच्या कारखान्यात गेटवर लागला. फौजी गार्ड पाहिजेच होता त्यांना. पण दिवसभर उभं राहायचं. दुपारपर्यंत घोटा भाकरीसारखा फुगायचा. स्टूल मागितलं तर मॅनेजर म्हणाला, "बसणारा गार्ड आमच्याकडं आहे एक, सत्तर वर्षांचा. तुम्हाला उभं राहण्यासाठी घेतलं." सोमेश्वरनं महिना कसाबसा काढला आणि घरी आला.

तेव्हा त्यानं अपील केलं. मला म्हणाला, "पैसा तर लागतोच मोठ्याई, पोरीच्या शिक्षणाचा खर्चा हाय. पण ते 'नोकरीमुळं नाही' लिहिलंय ना, ते टाचेपेक्षा जास्त सलतंय. मी काय आंब्याच्या झाडावरून पडलो का?"

अपिलात त्यानं बर्फावरचं सगळं लिहिलं. त्या बुलढाण्याच्या गड्यानंही साक्ष लिहून दिली, की मीच याला खाली आणला. मी विचारलं, "अन् गाड्यांचं?"

"ते कशाला? पाय त्याच्या आधीच गेल्ता."

"विचारलं तर?"

"विचारलं तर सांगीन. खंडोबाचा भंडारा लावलाय, खोटं न्हाई बोलणार. पण न विचारता आपण होऊन कशाला सांगू?"

मला ते बराबर वाटलं. वकिलाला कसं वाटलं असतं ते माहीत नाही.

पाय पुन्हा तपासायला फौजी दवाखान्यात बोलावणं आलं. दवाखाना लांब, शहरात. जीप ठरवली. रखमाजी म्हणाला, मी येणार. मी म्हटलं, जीप चाललीच आहे तर मलाही न्या, बाहेर डोळ्याचा डॉक्टर आहे. खरं म्हणजे डोळ्याचं निमित्त होतं. मला बघायचं होतं, पोराचं काय होतं ते.

तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या नातीएवढी, कडक वर्दीतली. पण बोलणं मऊ. तिनं पडदा ओढला, पण पुरता ओढला गेला नाही. बाकावरून आम्हाला दिसत होतं. तिनं पोटरी दाबून बघितली. टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. मग म्हणाली, आता उजव्या एका पायावर उभे राहा आणि टाच वर उचला.

सोमेश्वर उभा राहिला. टाच उचलेना. अंग थरथरलं, मान ताठ झाली, पण टाच जमिनीला चिकटलेलीच. ती म्हणाली, "मेरा हाथ पकड़िए, फिर कोशिश कीजिए." त्यानं त्या पोरीचा हात धरला. तरी उचलली नाही.

मी हळूच रखमाजीकडं बघितलं. त्याच्या मिशा हलत होत्या. जो पोरगा मोटारसायकलीमागं पळायचा, तो एका मुलीचा हात धरून टाच उचलू शकत नाही, हे बापाला बघवेना. मला वाटलं रडतो की काय. त्यापेक्षा वाईट झालं. तो उठला आणि पडद्याजवळ गेला.

"म्याडम, मेरे पोरगे को लंगडा मत लिखो. इसने खंडोबा के बारा गाडे खींचे हैं. अकेले ने."

डॉक्टरीण म्हणाली, "बारा गाडे? कैसे गाडे, बाबा?"

मग काय विचारता. रखमाजीनं हातवारे करून सगळं सांगितलं. गाड्या कशा, दोर कसा, माणसं किती चढतात, वेस कुठं, देऊळ कुठं. सोमेश्वर म्हणत होता, "दादा, बसा. दादा, तुम्ही बाहेर बसा." पण रखमाजी आता थांबणारा नव्हता.

तिनं विचारलं, "ये कब की बात है?"

"फौज में था तब. छुट्टी पे आल्ता."

तिनं पेन उचललं. तिचा चेहरा काही कठोर झाला नव्हता. सोमेश्वरला म्हणाली, "ये आपने बताया नहीं."

"पाँव उससे पहले का ख़राब है, मॅडम."

"हो सकता है. लेकिन अब मुझे ये भी लिखना पड़ेगा."

सोमेश्वर खाली बसला आणि बूट घालायला लागला. एक एक भोक बघून नाडी ओवत होता, जसं काही त्याला जगात तेवढंच काम उरलं होतं.

परत येताना रस्त्यात चहाला थांबलो. सोमेश्वर जीपमधून उतरला नाही. रखमाजी माझ्याशेजारी बशीत चहा ओतत म्हणाला, "बघितलं वैनी? बारा गाडे म्हणलं अन् पोरगी गपच झाली." कधी कधी माणसाला सांगायचं असतं ते चहा गार होईपर्यंत तोंडातच राहतं.

पुढं निकाल आला. दुखापत रजेवर असताना खाजगी कामात झाली, म्हणून मागणी नामंजूर. सोमेश्वरनं ओसरीत बसून सांगितलं. दैवशाला चुलीपुढून उठून दारात आली. रखमाजीला मात्र एकच शब्द खटकला.

"खाजगी काम? खंडोबाचं काम खाजगी?"

दैवशाला म्हणाली, "मामंजी, देवाचं होतं तर देवालाच न्यायचं होतं सोबत, तपासायला." एवढी शांत बाई, सासऱ्याला पहिल्यांदा उलट बोलली.

सोमेश्वर म्हणाला, "जाऊ दे. मुंबईला फौजेच्या लवादात जाता येतं, कोर्टच ते. वकील बघतो."

तेव्हापासून तेलाची वाटी बंद झाली. रखमाजीनं एकदाही पायाला हात लावला नाही. तेल लावायचं म्हणजे पाय दुखतो हे मान्य करायचं, आणि त्याला वाटत होतं तसं मान्य केलं तर पोराचं सगळंच जाईल. बापाचं डोकं कसं चालतं ते बापालाच ठाऊक.

गावाला तर चघळायला विषयच झाला. पिठाच्या गिरणीत तुळजाबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आपला फौजी कचेरीत लंगडतो अन् जत्रेत पळतो. पाय बी हुशार हाय बाई, कुठं दुखायचं ते त्याला कळतं."

मी म्हटलं, "तुळजा, तुझं पीठ झालंय. जीभ दळायची असली तर थांब."

हसण्यावारी नेलं, पण घरी येईपर्यंत माझाच पाय जड झाला होता.

कार्तिक सरत आला तेव्हा देवळाची मंडळी रखमाजीकडं आली. मधल्या सालांत रखमाजीनंच दम खात कसंबसं निभावलं होतं. यंदा गाडे कोण ओढणार? आणि रखमाजीनं सांगून टाकलं, सोमेश्वर. पोराला न विचारता. गावाचं तोंड बंद करायला.

दैवशाला माझ्याकडं आली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग. "मोठ्याई, ते 'हो' म्हणून बसलेत. मामंजींनी शब्द दिला म्हणे. यावेळी गाडे ओढले की पाय बी संपला अन् मुंबईचं बी संपलं. वकील विचारल, ओढू शकतो तर अपंग कसा? तुम्ही तरी बोला. मामंजी तुमचं ऐकतात."

कुणी कुणाचं ऐकत नाही, पण वहिनीला दिराला बोलायचा हक्क असतो. मी गेले. रखमाजी अंगणात गाड्याचा दोर तपासत बसला होता. आमच्यात चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाहीत, म्हणून परसात वांगी नुसती लटकून जून होत होती.

मी म्हटलं, "भावजी, एक विचारू?"

"विचारा की."

"पोराचा पाय चांगला हाय ना?"

"बिलकुल."

"मंग इतकी वर्षं दार लावून तेल कशाला चोळत होते? जास्त झालं होतं का घरात?"

त्याचा हात दोरावर थांबला. वर बघितलं नाही.

"वैनी, तुम्ही यात पडू नका."

"मी न्हाई पडत. तुम्ही पोराला पाडून राह्यले."

तो उठला आणि दोर खांद्यावर टाकून गोठ्यात गेला. तिथं बैल नव्हता की म्हैस नव्हती, दोन्ही रानात होती. तरी बराच वेळ बाहेर आला नाही. मला वाटलं, माझं बोलणं वाया गेलं.

चंपाषष्ठी आली. घरोघरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. वेशीजवळ बारा गाडे लागले, पोरं त्यांत चढून बसली, हलगी वाजायला लागली. सोमेश्वर पांढरं धोतर नेसून उभा होता. सगळं अंग हळदीनं पिवळं, आणि तोंडावर काहीच नाही. पहाऱ्यावर उभं राहतात तसा. दैवशाला माझा दंड धरून उभी होती, आणि तिची नखं मला लागत होती.

रखमाजी भंडाऱ्याचं ताट घेऊन वाकला. डाव्या पायाला लावला. मग उजव्या. त्याचा अंगठा टाचेमागून वर जाताना मधेच थांबला. तिथं दोरीसारखं लागायला पाहिजे, तिथं खड्डा आहे आणि वर गाठ. त्या हाताला ते नवं नव्हतं. पण आजवर ते दाराआड होतं, अंधुक उजेडात. आता ऊन होतं आणि गाव होतं. तो तसाच बसून राहिला. हलगीवाला थांबला. कुणी तरी म्हणालं, "रखमाजी दादा, जल्दी करा, मुहूर्त चाललाय."

रखमाजी उभा राहिला. त्यानं पोराच्या कमरेचा दोर सोडला.

"त्या खेपेला सोमानं गाडे ओढले न्हाई," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, तरी सगळ्यांना गेला. "त्याचा पाय आधीच गेल्ता, फौजेत. मला ठावं होतं. मी रोज तेल लावत होतो. तरी उभा केला. गाडे तुम्ही ढकलले. दर साली तुम्हीच ढकलता. माझ्या वक्ताला बी तुम्हीच ढकलले. हे मी दवाखान्यात सांगायला पाहिजे होतं, तिथं म्या दुसरंच सांगितलं."

गाड्यांतल्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं. ज्यांनी ढकलायला बाह्या वर केल्या होत्या, त्यांनी हात मागं घेतले. पुजाऱ्याचं तोंड आंबट झालं. जे बोलायचं नसतं ते देवासमोर बोललं गेलं होतं.

"मान आम्ही सोडला," रखमाजी म्हणाला आणि दोर खाली ठेवला.

दुसऱ्या घरचा एक तरणा पुढं आला, त्यानं कमरेला दोर बांधला. गाडे निघाले. बारा गाडे कुणासाठी थांबत नाहीत, आणि ढकलणारे तर तेच होते. येळकोटही झाला, थोडा बारीक.

आता कुणाला वाटेल, इथं बापलेक गळ्यात पडले. तसं काही झालं नाही. सोमेश्वर घरी आला, आंघोळ करून हळद धुतली आणि बापाला म्हणाला, "मला विचारलं का? ओढ म्हणताना विचारलं न्हाई, सोडताना बी न्हाई. घराचा मान होता तो." रखमाजी म्हणाला, "होता." दैवशालानं भरीत वाढलं. इतक्या महिन्यांनी वांगं खाल्लं, पण कुणाला चव लागली नाही.

गावात दोन तट पडले. काही जण रखमाजीशी बोलत नाहीत, की देवाचं सत्त्व उघडं पाडलं. तुळजाबाईनं गिरणीत मला स्वतःहून जागा दिली, तिची माफी म्हणजे एवढीच. वकिलाला सांगितलं तर तो म्हणाला, बापानं पोराच्या बाजूनं बोललेलं कोण मानणार? तरी रखमाजी वकिलासोबत कचेरीत जाऊन जे गावात बोलला तेच लिहून देऊन आला. ते मुंबईला पोचलंय म्हणतात. तारीख लागते, पुढं जाते. काय होईल ते मला सांगता येत नाही. पायाचं मात्र सांगते, तो काही बरा व्हायचा नाही.

परवा संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. गुरं परत येत होती, रस्ता भरलेला. रखमाजी तेलाची वाटी घेऊन बाहेर आला आणि सोमेश्वरच्या पायाशी बसला. पोरगा पाय आखडून म्हणाला, "दादा, आत चला."

"इथंच बरंय. आत दिसत न्हाई मला."

"लोक बघून राह्यलेत."

"बघू दे. बघतील तर साक्ष देतील."

सोमेश्वरनं रस्त्याकडं बघितलं. मग पाय पुढं केला. तोंडावर राग होताच. रखमाजीनं टाचेला तेल लावलं, आणि रस्त्यानं जाणाऱ्यांतल्या एकानं विचारलं, "काय दादा, लई दुखतंय का?" तर उत्तर सोमेश्वरनं दिलं, बापानं नाही.

"दुखतंय," तो म्हणाला.